कोण कोण अमर होणार?

“उखा अमर रहे!” शाळेच्या पटांगणात सगळी पोरं एका सुरात ओरडली आणि दगूबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

समोर टेबलावर तिच्या उखाचा हार घातलेला फोटो होता. पाकिस्तानाशी लढाई थांबली, ताश्कंदला करार झाला. उखा आला नाही. तेव्हापासून जो तो नवाच शब्द घेऊन दारी येत होता. तारेत वीरगती होती. तालुक्याच्या साहेबांनी हुतात्मा म्हटलं. गावाने दाराला तोरण बांधलं. गळ्यात पडून रडायला मात्र कुणी आलं नाही.

आज आखाजी. गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायचा दिवस. सकाळी तिने उखासाठी घागर काढली, तर जाऊ सुगंधाबाईने हात धरला. “अमर व्हयेल मानूसनी घागर भरतस का वं?”

भाषणाला आलेले पुढारी आता रंगात आले होते. “बाळांनो, पुन्हा लढाई पेटली, तर उखासारखं कोण कोण अमर होणार?”

भराभर हात वर झाले. पहिलीतल्या पोरांनी तर दोन्ही हात वर केले. मंडळींनी टाळ्या पिटल्या.

दगूबाई ताडकन उठली. “हात खाले करा रे! मन्हा पोऱ्या मरी गया!”

टाळ्या विरल्या. पुढारी समजुतीने हसले. “आई, असे वीर मरत नसतात.”

“मरतस!” ती कडाडली. “तुम्हना पोऱ्या धाडा, मंग समजी!”

हात वरच होते. पोरं तिच्याकडे नाही, भाईदास गुरुजींकडे बघत होती. उखालाही त्यांनीच शिकवलं होतं. वर्गात कुणी अहिराणी बोललं की ते तिथल्या तिथे थांबवत आणि तेच वाक्य शुद्ध मराठीत म्हणून घेत.

“गुरुजी, तुम्हीच सांगा,” दगूबाईचा आवाज फाटला. “पोरेसले तुम्हनंच खरं वाटस.”

“हो, गुरुजी, जरा समजावा यांना,” पुढारीही म्हणाले.

गुरुजी पुढे आले. पुढाऱ्यांकडे पाठ करून पोरांसमोर उभे राहिले.

“पोरेसहोन,” ते म्हणाले, “उखा मरी गया.”

एकेक करत सगळे हात खाली आले.