चाचणी खरेदी

"खरं सांगू का काका? घेऊ नका," काउंटरमागचा तरुण म्हणाला.

निरीक्षकांच्या मनात पाल चुकचुकली. वजनमापे खात्यात उभी हयात गेली, पण 'घेऊ नका' म्हणणारा दुकानदार त्यांच्या पाहण्यात नव्हता. हा कुठला नवा डाव? आधी नको म्हणायचं, गिऱ्हाईक विरघळलं की त्याहून महागाचं गळ्यात मारायचं. असली सोंगं त्यांनी पुष्कळ उतरवली होती. आता नोकरी संपली होती, संशय मात्र अजून कामावर होता.

मुलीनं स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं होतं. मुलगा काय करतो, तर जुन्या काळच्या दिसणाऱ्या व्हिडिओ गेमच्या पेट्या बनवून विकतो! निरीक्षकांनी घर डोक्यावर घेतलं. मागच्या खेपेला त्यांनी असंच एक स्थळ खोड्या काढून परतवलं होतं, आणि तो मुलगा पुढे सोन्यासारखा निघाला. ते मुलगी विसरली नव्हती. या वेळी तिनं निक्षून सांगितलं, "बाबा, तुम्हीच पारखा. नाही म्हणालात तर मी पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही. पण हो म्हणालात, तर तो शब्द फिरवायचा नाही."

म्हणून ते आज त्या मुलाच्या दुकानात चाचणी खरेदीला आले होते. खात्याचा शिरस्ताच तसा. साधं गिऱ्हाईक बनून जायचं, बावळट प्रश्न विचारायचे. आपलं नाव सांगायचं नाही आणि समोरच्याचं विचारायचं नाही, कारण नाव विचारलं की चोर सावध होतो. मुलीनं फोटो पुढे केला, तोही त्यांनी बघितला नव्हता. चेहरा आवडला की नजर बिघडते, असं त्यांचं ठाम मत होतं.

"का बरं?" त्यांनी भोळेपणानं विचारलं. "दिसायला तर झकास आहे."

"दिसायलाच." तरुणानं समोरची पेटी त्यांच्याकडे वळवली. सायीच्या रंगाची, गोलसर कोपऱ्यांची, वर कॅसेट घालायची खाच. झाकणाचे स्क्रू आधीच काढलेले होते. "आत बघा. साधा कॉम्प्युटर आहे. हा बोर्ड, ही मेमरी, हा पंखा. कुठल्याही ऑफिसात टेबलाखाली असतो तोच माल, फक्त कपडे जुने."

"आणि ही खाच? आम्ही हिच्यात कॅसेट घालायचो."

"शोभेची. खाली काही जोडलेलंच नाही."

निरीक्षकांनी वाकून पाहिलं. खाचेखाली खरोखरच पोकळी होती. स्वतःच्या मालाची लाज अशी चव्हाट्यावर कोण मांडतं?

"म्हणजे हे जुनं नव्हे?" त्यांनी गळ टाकला.

"जुनं कसलं! हेच गेम तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालतील. बटण दाबलं की टीव्हीवर सुरू, कीबोर्डशी झटापट नाही, एवढंच याचं सुख. तेवढ्यासाठी कोणी समजून उमजून घेतलं तर बिघडलं नाही. मजा आहे त्यात. पण जुनं, अस्सल म्हणून विकलं तर ती शुद्ध लबाडी."

"लोकांच्या तक्रारी येतात?"

"एक तरी नक्की आहे." तरुण कसनुसं हसला.

"मग परत घेणार?"

"घ्यायलाच हवं ना. दुसरं काय?"

काउंटरवरचा फोन वाजून वाजून गप्प झाला. तरुणानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गिऱ्हाईक समोर असताना फोनला चिकटत नाही, हेही निरीक्षकांच्या नजरेत भरलं. त्यांनी शेवटचा फास टाकला, "थोडं कमी केलंत तर मी आत्ताच नेतो."

"काका, फुकट मिळालं तरी विचार करा."

आता निरीक्षक पुरते विरघळले. "आलोच," म्हणून ते बाहेर फुटपाथवर आले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"बाबा, गेलात तुम्ही?" मुलीनं घाईघाईनं विचारलं. "त्याला कळलं का, तुम्ही कोण ते?"

"छे! ताकास तूर लागू दिली नाही. म्हणून तर खरा माणूस दिसला." "माझं चुकलं, बाळा. इतका सरळ मुलगा मला दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. माझा होकार आहे."

पलीकडे आधी हुंदका, मग हसू.

"शब्द?"

"शब्द. आता ब्रह्मदेव आला तरी फिरणार नाही."

"आई, बाबा हो म्हणाले!" ती ओरडली आणि घरात एकच गलका उठला. मावशीला फोन लावा, काकाला कळवा, असं चाललेलं निरीक्षकांना इथपर्यंत ऐकू येत होतं. किती महिन्यांनी ती घरात अशी ओरडली होती! त्यांनी डोळे पुसले, फोन खिशात टाकला आणि ताठ मानेनं पुन्हा दुकानात शिरले.

"पुरे झालं नाटक," ते दोन्ही हात पसरून म्हणाले. "मी मुलीचा बाप. या, जावईबापू!"

तरुणानं मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"काका, तुम्हाला मालक हवाय का?" तो म्हणाला. "तो 'आलोच' म्हणून मागच्या दारानं गेला, तो गेलाच. मीही त्याचीच वाट बघत इथे त्याच्या खुर्चीत बसलोय. ही पेटी त्यानं मला जुनी, अस्सल म्हणून विकलीय."