मुकादमांची प्रार्थना

मुकादम बांधकामावर कामगारांना सूचना देत, तशाच प्रार्थनेत प्रभूलाही देत. "प्रभू, आधी स्लॅब वाळेपर्यंत पाऊस थांबव, मग मेव्हण्याच्या नोकरीचं बघ. आणि हयगय नको." शेजारी डोळे मिटून बसलेली बायको "आमेन" पुटपुटायची.

आज लेकीला ऑपरेशनला आत नेलं, मुकादमांनी बाकावर बसून हात जोडले, तर एकही सूचना सुचेना. मेंदूतली गाठ कशी काढतात, त्यांना काय ठाऊक? "प्रभू, यातलं मला ओ की ठो कळत नाही. तूच बघ." एवढंच म्हणाले, आणि ज्यांचा चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता, ते भिंतीला टेकून चक्क घोरू लागले.

बायकोने हलवून उठवलं. "अहो, गाठ निघाली. पोरगी शुद्धीवर आलीय, तुम्हालाच विचारतेय."

मुकादमांना रडू फुटलं. "प्रभू, उपकार झाले रे. आता ते टाके जरा..." त्यांनी जीभ चावली. "नाही, नाही. तुझं चालू दे."

"आमेन!" बायको म्हणाली, आणि या वेळी ते अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू गेलं.