बर्फाच्या कप्प्यातली बाटली

खरवईत वीज सारखी जायची, म्हणून धर्मराज बायकोच्या इन्सुलिनची बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. रोज सकाळी ती मुठीत धरून वितळवायचा आणि माधवीला सुई टोचायचा. तरीही तिची साखर उतरली नाही आणि चैत्रात ती गेली. आज तो भेंडी चिरत होता; त्यांची मुलगी तेजस्वी बारावीचा धडा मोठ्याने वाचत होती. "पेशीतल्या प्रत्येक प्रथिनाची ठरलेली घडी असते. ती मोडली की काम थांबतं." "म्हणजे गं?" "अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होतं का, बाबा? तसंच. इन्सुलिनसुद्धा प्रथिनच. तापल्यावर किंवा गोठल्यावर..." ती थांबली. "गोठल्यावर काय?" "ते परीक्षेला नाही." तिने पुस्तक मिटलं. "द्या, भेंडी मी चिरते." धर्मराजने उरलेली बाटली बर्फातून काढून मुठीत धरली. वितळल्यावर त्याने मूठ उघडली. औषध नेहमीसारखंच स्वच्छ दिसत होतं.