शरयू टॉकीजमधला ज्वालामुखी

मध्यंतर संपून बराच वेळ झाला तरी ज्वालामुखी फुटायचं नाव घेत नव्हता.

मेहकरच्या शरयू टॉकीजची बाल्कनी मात्र भरलेली होती. पोस्टरवर सात मोठे हिरो, तीन हिरॉइनी आणि मागे लालभडक डोंगर होता. एवढे सगळे एका तिकिटात दिसणार म्हणून कारभारी आपल्या बायकोला, पुष्पाबाईला, घेऊन खेड्यावरून दुपारच्या एसटीने आले होते. लग्नानंतर दोघांनी मिळून पाहिलेला हा तिसरा सिनेमा. म्हणून ते गप्प होते. पण पडद्यावर एक हिरो डोंगराच्या तोंडाशी उभा राहून आईची आठवण सांगत होता आणि लाव्हा त्याचं बोलणं संपायची वाट पाहत थांबला होता, हे त्यांनाही कळत होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, की आमच्या घरच्या रश्शाची तर्री याच्यापेक्षा जास्त उकळते. सगळी बाल्कनी हसली.

आता सहदेव येऊन दरडावणार, असं नेहमीच्या लोकांना वाटलं. सहदेव टॉकीजचा डोअरकीपर. तीस वर्षं तो टॉर्च घेऊन दारात उभा होता आणि चालू सिनेमात बोलणाऱ्याला त्याने कधी सोडलं नव्हतं. पडेल सिनेमासुद्धा कोणीतरी मेहनतीने केलेला असतो, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी मात्र तो काही वेगळाच वागला. मध्यंतरात त्याने खाली एक चक्कर मारली. खाली बसलेल्या पंधरा-वीस जणांना, मागचे पंखे बंद आहेत असं सांगून, पडद्याजवळच्या रांगांत पाठवलं. आणि आता तो वर आला, बाल्कनीच्या कडेला उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "पुढं पाहण्यासारखं काही राह्यलं नाही. सातही हिरो वाचतात. डोंगर थंडा होते."

लोक वळून पाहू लागले. शेवट सांगून टाकणारा सहदेव कोणी पाहिला नव्हता.

आवारात त्याच्या बायकोचं, जनकाबाईचं, कचोरीचं दुकान होतं. आज बाल्कनीवाल्यांना कचोरी फुकट आहे, असं त्याने सांगितलं. अट एकच. एकेक रांग उतरायची, हळूहळू, कारण कढईत मावेल तेवढंच तळता येतं. धक्काबुक्की करणाऱ्याला काही मिळणार नाही.

पहिली रांग हसत उठली. मग दुसरी. दोन पोरं पुढे घुसायला लागली तर त्याने त्यांचे खांदे धरून परत बसवलं. लोकांना गंमत वाटत होती. सिनेमातून सुटका आणि वर कचोरी, आणखी काय पाहिजे?

शेवटच्या रांगेत कारभारी आणि पुष्पाबाई राहिले. पुष्पाबाईला शेवट पाहायचा होता. कारभारींना राग आला. "काऊन हाकलून राह्यले आमाले? तिकीट काढलं हाय."

"हाकलत नाही, बापू. हात जोडून राह्यलो," सहदेव म्हणाला, आणि त्याने खरोखर हात जोडले.

पुष्पाबाईचे गुडघे धरले होते. सहदेवने तिला आधार देऊन एकेक पायरी उतरवलं. मधेच ती दम खायला थांबली, तेव्हा तोही थांबला आणि सावकाश या म्हणाला. त्याचा हात घामाने ओला होता. या माणसाला आपल्यापायी केवढा त्रास, असं तिला वाटलं.

त्यांना दारात सोडून तो पुन्हा आत गेला. खालच्या लोकांना आणि मशीन चालवणाऱ्या गोपालला घेऊन बाहेर आला. सिनेमा आत एकटाच चालू होता. सहदेवने लोखंडी दार ओढून घेतलं आणि सगळ्यांना दूर, कचोरीच्या दुकानाकडे, सरकायला लावलं.

आवारात जत्रा भरल्यासारखं झालं होतं. जनकाबाई नवऱ्याकडे डोळे वटारत कचोऱ्या तळत होती. कॉलेजात शिकणारी प्रतीक्षा मोबाइल घेऊन एकेकाला सिनेमा कसा वाटला ते विचारत होती. तिचं स्वतःचं चॅनल होतं. एक जण म्हणाला, हिरॉइनी राखेतून पळाल्या पण केस विस्कटले नाहीत. दुसऱ्याने सांगितलं, की सात हिरो घेण्यापेक्षा एक लेखक घ्यायला पाहिजे होता. पण प्रत्येकाने शेवटी सहदेवचे आभार मानले. कारभारींनीही चिडल्याबद्दल माफी मागितली.

पुष्पाबाईने सहदेवच्या पाठीवर हात फिरवला. "शिनेमा भंगार होता, बाबू. पण इतक्या मायेनं मले कोणी जिना उतरवला नाही. सुखी राहा."

सहदेव ओट्यावर बसला होता. तो टॉकीजच्या दाराकडे पाहत होता. प्रतीक्षाने मोबाइल त्याच्यासमोर धरला आणि हसत विचारलं, "काका, तुम्हाला कसा वाटला सिनेमा?"

तो बोलणार, एवढ्यात टॉकीजच्या आत काहीतरी प्रचंड कोसळलं. जमीन हादरली. लोखंडी दाराच्या फटींतून धुळीचा लोट आवारात आला. आत चालू असलेला सिनेमाचा आवाज बंद पडला. कारभारींनी पुष्पाबाईचं मनगट घट्ट धरलं.

प्रतीक्षाचा मोबाइल अजून तसाच समोर होता.

"मी शिनेमा पाह्यलाच नाही, बाई," सहदेव म्हणाला. "मध्यंतरापासून मी बाल्कनीखालचा खांब पाहून राह्यलो होतो. तडा वाढून राह्यला होता, अन् जिना एकच."