पाड! पाड!

शेवटची कुस्ती रंगात आली आणि सगळे प्रेक्षक एका सुरात ओरडू लागले, "पाड! पाड! पाड!"

कोल्हापूरच्या नव्याकोऱ्या स्टेडियमने ते ऐकलं. "आपल्या इच्छेनुसार स्टेडियम पाडण्यात येत आहे," ते अदबीने म्हणालं, आणि छत हळूहळू खाली येऊ लागलं. एकही माणूस जागचा हलला नाही. कुस्ती अजून निकाली कुठे झाली होती?

इंजिनिअर हुक्केरीकर मॅडम माइककडे धावल्या. स्टेडियम जुनं झालं की प्रेक्षकांनी फक्त सांगायचं आणि त्याने स्वतःच स्वतःला पाडून पुन्हा बांधायचं, ही त्यांचीच कल्पना.

"अरे, तुला नाही! पैलवानाला पाड म्हणतायत!"

"मग तसं नीट सांगायचं ना," स्टेडियम फुरंगटून म्हणालं. छत पुन्हा वर गेलं. मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला.

इतक्यात आखाड्यात पैलवानाने डाव टाकला, तसे पहिल्या रांगेतले धिप्पाड दत्तोबाअण्णा ताडकन उभे राहिले. मागच्यांना काही दिसेना. सगळी गॅलरी एका सुरात गरजली, "ए, खाली बस की!"

अण्णा काही बसले नाहीत.

स्टेडियम बसलं.