जास्तीची टिचकी

"हा फटक्यांचा कॉम्बो तुमचा नाही, बोटांत उतरवून घेतलाय," फायटिंग गेमच्या स्पर्धेतल्या पंच शलाकाताई म्हणाल्या. हल्ली कुणाच्याही व्हिडिओतलं कसब यंत्राने तासाभरात बोटांत उतरवता येई. मागे खूण राहत नसे, म्हणून पंच कसबासोबत उतरलेल्या चुकांवरून चोर पकडत.

"मी रियाज केलाय, ताई," हेरंब म्हणाला.

"मग अकराव्या फटक्यानंतर बटणावर ही जादा टिचकी कशाला? त्या गाजलेल्या व्हिडिओतलीच चूक आहे ती."

लहानपणीच्या व्हिडिओ गेम पार्लरमधल्या जुनाट मशीनचं ते बटण अडकायचं, म्हणून हेरंबला ते दोनदा दाबायची सवय लागली होती. पोरांनी शिकावं म्हणून बारा वर्षांपूर्वी तो व्हिडिओ त्यानेच टाकला होता. त्यात फक्त हात दिसत होते.

"ताई, ते हात माझेच आहेत."

"आज असं सांगणारे तुम्ही नववे," म्हणत त्यांनी त्याचं नाव खोडलं.