देवराईतली फांदी
पाठीवर बदामाची खूण असलेल्या दुर्मिळ सुतारपक्ष्याची ढोली फोटोत नीट दिसावी म्हणून लहानूनं नगरहून आलेल्या साहेबासाठी देवराईतल्या हिरड्याची फांदी कोयत्यानं छाटली, तेवढ्यात त्याची आई ठकूबाई तिथं आली. ढोलीतली पिलं आता शेजारच्या झाडावर बसलेल्या डोमकावळ्याला उघडी दिसत होती. "तुझ्या बाळंतपनात चूल इझली, तरी तुझ्या बापानं हितली वाळकी काटकी उचलली न्हाई. आन् तू वली फांदी तोडतो व्हय?" "आजी, दोनच फोटो," साहेब म्हणाला. "तुमच्या बाळंतिनीच्या खोलीचं दार काढते, मग काढा दोनच फोटो." तिनं त्याच्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा सोडवून लहानूच्या अंगावर फेकला. त्यानं वर चढून फांदी पट्ट्यानं होती तिथं बांधली. ठकूबाईच्या दगडानं डोमकावळा उडाला. मादी चोचीत अळी घेऊन पानांआड शिरली. दुसरा दगड ठकूबाईनं साहेबाकडं बघत हातातच ठेवला.